नात्याचा रकाना

‘देव तुला सांभाळो.’

हा आवाज मला आधी ऐकू येतो. कुणाचा, ते मागाहून आठवतं. घोगरा, दिवसभर जळक्या उसाच्या काजळीत वावरून घशाशी खरवडलेला, आणि तरी शेवटच्या अक्षरावर ओला होणारा. बस सुटायच्या बेतात होती. मी सतरा वर्षांची, खिडकीशी बसलेली, मांडीवर गुळाच्या ढेपेची पुरचुंडी, आणि खाली धुळीत कितेरिया उभी. आमच्याकडे पोर घरातून निघालं की हात पुढे करून आशीर्वाद मागतं. थोर माणूस आपला हात पालथा करून देतं, पोर त्यावर ओठ टेकवतं आणि मग थोर माणूस हे तीन शब्द म्हणतं. आधी मागणं, मग देणं. मी मागितलं नव्हतं. चार वर्षं मागितलं नव्हतं. तरी तिनं ते तीन शब्द बसच्या काचेवर आणून ठेवले, आणि मी चालकाच्या मानेवरच्या सुरकुत्या मोजत राहिले. त्याला आता बत्तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तिला भेटत आले, सणाला कॉफी नेली, छपराचे पत्रे बदलून दिले, दातांचे डॉक्टर केले. पण ते मागणं काही माझ्या तोंडून निघालं नाही, आणि तिनंही पुन्हा न मागता दिलं नाही.

तो आवाज परत आला तो एका कागदामुळे. रिबेरांव प्रेतो शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत रुग्णाच्या रक्तातल्या पेशींची पिशवी आली की ती हातात घेणाऱ्यानं आधी एक कागद भरायचा. त्यातला सहावा प्रश्न : या रुग्णाशी आपलं नातं आहे का? पुढे ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन रकाने. नऊ वर्षं मी तो प्रश्न न वाचताच ‘नाही’वर फुली मारत आलेय. त्या मंगळवारी पेन थांबलं. पिशवीवर नाव नसतं, आकडा असतो. पण तो आकडा कुणाचा हे मला ठाऊक होतं, कारण कितेरियाच्या मानेतल्या गाठी पहिल्यांदा मीच चाचपल्या होत्या, मीच तिला खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं होतं आणि नेहमीची औषधं हरल्यावर हा नवा उपचार तिला मीच समजावून सांगितला होता. ‘हो’वर फुली पडली असती तर पिशवी ओतासिलियोकडे गेली असती. तो माझ्यासोबत काम करतो. माणूस चांगला आहे, हात त्याहून चांगले. पण माझ्या हातांना ती पिशवी दुसऱ्या कुणाला द्यायची नव्हती. आणि खोटं काय होतं त्यात? रक्ताचं नातं नव्हतं. दत्तकपत्र नव्हतं. आडनाव वेगळं. मी ‘नाही’वर फुली मारली, आणि मारताना मनगटाला जाणवलं की ही फुली आपण आधी एकदा मारलेली आहे, तोंडानं, तेराव्या वर्षी.

पिशवीत पाहिलं तर गुलाबीसर पाणी दिसतं, दुसरं काही नाही. पण त्या पाण्यात कोट्यवधी राखणदार असतात, जिवंत, चिडके, आणि बिचारे फसलेले. आजारी पेशी घरच्याच कपड्यात हिंडते, मग तिला परकं म्हणायचं कसं? आम्ही त्या राखणदारांच्या अंगावर एक नवा हात उगवेल असं करतो. त्या हाताला आजारी पेशीवरची एकच खूण कळते, अंधारात चाचपून कळावी तशी. मग दहा-बारा दिवस त्यांना उबेत वाढवायचं. आणि शेवटच्या दिवशी, पिशवी खाली वॉर्डात जाण्याआधी, माझं खास काम. प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेची लव असते, पिकल्या पेरूवर हात फिरवला तर जाणवेल न जाणवेल इतकी बारीक. त्या लवेचं अगदी शेवटचं टोक समोरच्याला दूर लोटतं. दोघं जवळ येतात, पण अंगाला अंग लागत नाही. ओळख व्हायची ती राहून जाते. ते टोक तेवढं मी छाटते. कात्रीनं नाही, साखर तोडणारं एक विकर पिशवीत सोडायचं आणि अर्धा तास थांबायचं. कमी थांबलं तर टोकं तशीच राहतात. जास्त थांबलं तर पेशी इतकी उघडी पडते की शरीरात गेल्यावर यकृतच तिला उचलून गिळून टाकतं. माझं उभं आयुष्य असं साखर तोडण्यात चाललंय, आईसारखं, असं एकदा मनात आलं, आणि ‘आई’ हा शब्द मी तिथेच खाली ठेवला, गरम भांडं ठेवावं तसा.

त्या अर्ध्या तासात यंत्र स्वतःच सगळं सांभाळतं, माणसानं शेजारी बसायची गरज नसते. मी बसले. दुहेरी हातमोज्यांतून पिशवीची ऊब लागत होती, तापातल्या पोराच्या कपाळाची असते तेवढीच. मी मुखपट्टीच्या आत काहीतरी पुटपुटले असणार, कारण ओतासिलियो पलीकडच्या टेबलावरून म्हणाला की दाल्वाबाई, पेशींशी बोलू नका, लाडावतात आणि खाली जाऊन डॉक्टरांचं ऐकत नाहीत. मी म्हटलं की तू तुझं बघ. तो म्हणाला की बघतोच आहे, नऊ वर्षांत तुम्ही एकाही पिशवीजवळ खुर्ची ओढून बसला नाहीत. मग तो आपल्या कामाकडे वळला. मी घड्याळाकडे बघत राहिले. तीस मिनिटं. तिसाची एकतीस मी होऊ दिली नाही; हे मी नंतर इतक्यांदा आठवलंय की आता ती तीस मिनिटं झिजून गुळगुळीत झालीत.

मी पुटपुटले होते ती हाक होती. उत्तरेकडच्या आमच्या कोरड्या मुलखात दाराची कडी वाजवत नाहीत. पाहुणा अंगणाच्या कडेला उभा राहून हाक देतो, ‘ओ घरातले!’ आणि आतून उत्तर येतं, ‘ओ बाहेरचे!’ त्या उत्तराच्या सुरावरून पाहुण्याला कळतं की पाऊल पुढे टाकायचं का. मी सहा वर्षांची असताना कितेरिया मला घेऊन तीन दिवसांच्या बसनं इकडे, उसाच्या मुलखात आली, तेव्हा सामानात ती हाकही होती. ऊसतोडीच्या बायका उजाडायच्या आत जायच्या, परतायच्या उन्हं कलताना. अंगात पुरुषाचा सदरा, त्यावर परकर, पायांना कातड्याचे पट्टे, डोक्यातोंडाला फडकं, फक्त डोळे उघडे. आणि त्यावर जळक्या पाचोळ्याची काजळी. तीस बाया एका रांगेत यायच्या आणि तीसही एकच बाई असायची. एकदा मी धावत जाऊन एकीच्या परकराला मिठी मारली. वास तोच, काजळी तीच. वरून भलताच आवाज हसला, ‘अगं, मी नव्हे गं ती, तुझी मागं आहे.’ त्या रात्री मी जेवले नाही म्हणे. दुसऱ्या दिवसापासून कितेरिया गल्लीच्या तोंडाशी आली की मोठ्यानं ओरडायची, ‘ओ घरातले!’ मी दारातून किंचाळायची, ‘ओ बाहेरचे!’ आणि त्या तीस काळ्या बायांमधून एक बाई वेगळी निघायची, कोयता दुसऱ्या हातात घेऊन मोकळा हात माझ्यापुढे करायची. मी आशीर्वाद मागायची. तिच्या हातावर ओठ टेकले की काजळी लागायची, आणि काजळीखाली गोड लागायचं. उसाचा रस सुकून तिच्या बोटांच्या पेरांत बसलेला असायचा. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आयांचे हात गोड असतात.

तेराव्या वर्षी शाळेनं जन्माचा दाखला मागितला. कितेरियाला वाचता येत नव्हतं. तिनं पेटीतून कागद काढून सरळ माझ्या हातात दिला. त्यावर आईच्या नावापुढे लिंदौरा लिहिलं होतं. मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. ती चुलीपुढे मक्याचा रवा उकडत होती, तिनं झाकण नीट बसवलं आणि सांगितलं. लिंदौरा शेजारच्या वस्तीवरची. दुष्काळात नवरा गेला, दूध आटलं. चार महिन्यांची असताना मला तिनं कितेरियाकडे ठेवलं आणि पाऊस झाला की नेते म्हणाली. मी विचारलं, ‘मग? पाऊस झाला नाही?’ ‘झाला,’ कितेरिया म्हणाली. ‘खूप झाला.’ एवढंच. तिनं लिंदौराला एक वाईट शब्द लावला असता, नाहीतर मला जवळ ओढलं असतं, तर कदाचित मी वाहून गेले असते. पण ती उकडलेल्या रव्याकडे बघत राहिली, आणि मी, तेरा वर्षांची, हुशार, शाळेत पहिली, म्हणाले, ‘म्हणजे तू माझी कुणीच नाहीस.’ दुसऱ्या दिवशी पहाटे ती कामाला निघाली. दारात थांबली. हात अर्धा पुढे आला होता. मी पुस्तकात डोकं घालून परक्या बाईला म्हणतात तसं म्हटलं, ‘या, दोना कितेरिया.’ तो अर्धा आलेला हात हवेत जरासा राहिला, मग त्याच हातानं तिनं दाराचा अडसर काढला. तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी हाक नाही. तेव्हापासून ती मला दाल्वा म्हणते. त्याआधी ‘लेकी’ म्हणायची.

माझा राग वर्षभरात विझला होता, हे सांगून कुणाला खरं वाटेल? राग विझला, आणि त्याच्या जागी सवय येऊन बसली. दर वेळी तिच्या दारात वाटायचं की आज मागू. पण इतकी वर्षं न मागितलेलं एकदम मागायचं तर आधी इतक्या वर्षांचं काहीतरी बोलावं लागेल, आणि ते बोलणं मला यायचं नाही. मी पत्रे बदलायची. ती कॉफी करायची. दोघी जवळ यायचो, आणि अंगाला अंग लागायचं नाही.

तिला वॉर्डात घेतलं त्या दिवशी नर्स जुरेमा कागद भरत होती. जुरेमा आडव्या अंगाची, मोठ्या हसण्याची बाई. तिचं हसू गल्लीच्या टोकावरून कळतं. तिनं विचारलं, ‘आजी, ही कोण तुमची?’ कितेरिया म्हणाली, ‘डॉक्टरीणबाई आहे. फार शिकलीय.’ ‘ते कळलं हो. पण तुमची कोण?’ कितेरिया उशीवर डोकं टेकवून माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर ना रुसवा ना आशा. ‘तिलाच विचार,’ म्हणाली. जुरेमाचं पेन माझ्याकडे वळलं. मी म्हटलं, ‘ओळखीची आहे.’ कारण वरच्या मजल्यावर माझी फुली होती, आणि या कागदावर दुसरं काही लिहिलं तर पिशवी माझ्या हातून काढून घेतली असती. कारण म्हणून हे पुरेसं होतं. कितेरियानं मान हलवली, जणू भाव बरोबर सांगितला होता.

या उपचारात एक धोका असतो. राखणदार शत्रूवर तुटून पडले की त्या गदारोळात माणसाचं भान ढळू शकतं. कधी थोडं, कधी पार. म्हणून रोज दोनदा परीक्षा : साल कुठलं, गाव कुठलं, समोरच्या तीन वस्तूंची नावं, शंभरापासून उलटे आकडे, आणि शेवटी कागदावर एक वाक्य लिहायचं. रोज तेच वाक्य. भान ढळायला लागलं की आधी अक्षर विस्कटतं. जुरेमानं पहिल्याच दिवशी वही पुढे सरकवली, आणि कितेरिया पेन हातात धरून हसत बसली. पूर्ण शुद्धीतल्या बाईला शून्य पडणार होतं. मी म्हटलं की त्यांना लिहिता येत नाही. तुम्ही दारातून ‘ओ घरातले’ म्हणा, त्या उत्तर देतील, आणि वर एक ओवी म्हणतील. डॉक्टर तयार झाले. कितेरियाला तर हे फारच आवडलं. पहिल्या संध्याकाळी तिनं म्हटलेली ओवी जुरेमानं मोबाइलात भरून घेतली :

ऊस मी तोडिला, गोडी गेली दूरगावा
माझ्या गं हाताला, काजळीचा ठेवा

जुरेमा म्हणाली, ‘आजी, याला दहात दहा.’ आजी म्हणाली, ‘मग उद्या जरा वाईट म्हणते, नाहीतर घरी पाठवशील.’

पिशवी दिली त्याच्या तिसऱ्या दिवशी ताप आला. तो यायचाच होता. चौथ्या दिवशी आकडे बहात्तरला अडले. पाचव्या दिवशी जुरेमानं पेन दाखवून विचारलं, हे काय, तर ती म्हणाली, ‘कोयता.’ आम्ही दोघी हसलो, आणि हसताना जुरेमाचे डोळे माझ्या डोळ्यांना भेटून लगेच दुसरीकडे गेले. त्या संध्याकाळी ओवी अर्ध्यावर थांबली. ‘माझ्या गं हाताला’ म्हणून तिनं आपल्या हाताकडे पाहिलं आणि पाहातच राहिली. सहाव्या दिवशी सकाळी हाकेला उत्तर आलं नाही. तिला आतल्या खोलीत हलवलं, औषध सुरू केलं. डॉक्टर म्हणाले, बहुतेक जण परत येतात. बहुतेक या शब्दाला किती बारीक टोक आहे, ते मला रोजच्या कामातून ठाऊक होतं. मी वर जाऊन खुर्चीत बसले. ती टोकं मीच छाटली होती ना, त्यांना ओळख नीट पटावी म्हणून? ओतासिलियोनं केलं असतं तरी तीसच मिनिटं. फरक एवढाच, की मग मी खाली तिच्या उशाशी असते. मी तिच्या पेशींपाशी बसले होते, कारण तिच्यापाशी बसण्याचा हक्क कशानं मिळतो ते मला माहीत असून मी तो मागितला नव्हता. ओतासिलियो कॉफीचा पेला ठेवून निघाला. दाराशी थबकून म्हणाला, ‘बाई, माझी आजीपण तिकडचीच होती. ओ घरातले म्हणायची. मला त्या दिवशीच ऐकू आलं होतं.’ आणि गेला.

दुपारी मी खाली उतरले. ऑगस्टचं कोरडं ऊन खिडक्यांवर पांढरं पसरलेलं. आतल्या खोलीच्या दाराशी जुरेमा उभी होती, आज हसू नव्हतं. म्हणाली, ‘डॉक्टरीणबाई, इथं आता फक्त नात्यातल्यांनाच सोडायचं आहे. तुम्ही कागदावर ओळखीच्या. मला सोडता येत नाही हो.’ तिच्या हातात तोच कागद होता. नात्याच्या रकान्यात तिचं गोल अक्षर : ओळखीची. दाराच्या काचेतून पलंगाचं पायाकडचं टोक दिसत होतं, आणि चादरीवर एक हात, उताणा, कुणाचाही असावा तसा.

मी म्हटलं, ‘खोडा ते.’

‘आणि काय लिहू?’

‘मुलगी.’

जुरेमानं माझ्याकडे पाहिलं. ती मूर्ख नाही; पिशव्यांवर कुणाच्या सह्या असतात ते तिला माहीत आहे. हलक्या आवाजात म्हणाली, ‘आणि मग वरचा कागद?’

‘वर खोटं लिहिलंय. ते मी वर जाऊन सांगेन, आजच. तुम्ही इथं खरं लिहा.’

तिनं एक रेघ ओढली, वर एक शब्द लिहिला, आणि मला सही करायला दिली. माझं अक्षर विस्कटलं. मग तिनं दार धरलं. मी आत गेले नाही. अंगणाच्या कडेला थांबतात तशी उंबऱ्याशी थांबले आणि हाक दिली, ‘ओ घरातले.’ मुखपट्टीतून ती मला स्वतःलाच परकी वाटली. यंत्र टिकटिकत राहिलं. कितेरियाचे डोळे अर्धे उघडे होते, पण त्यांच्यामागे कुणी उठून दाराशी आलं नाही.

मी आत गेले. तिचा हात उचलला. अंगठ्याजवळ कोयत्याचा जुना वण, नखांच्या कडेला अजून काळी रेघ; इतकी वर्षं साबण लावूनही न गेलेली. तो उताणा हात तिचा तिलाच नकोसा झाल्यासारखा माझ्या हातात पडून राहिला. मला बोलायचं होतं ते इतक्या वर्षांचं सगळं तोंडाशी आलं, लिंदौरा, तो पाऊस, तो अडसर, बसची काच, आणि मग एकाएकी कळलं की त्यातलं काहीच आधी सांगायला नको आहे. पोरं कुठे काही सांगतात? मी मुखपट्टी हनुवटीखाली ओढली. जुरेमानं पाहिलं आणि मान वळवली. तिच्या हाताखालचा माझा हात मी पुढे केला, सहा वर्षांची असताना करायची तसा, तळवा वर, आणि म्हटलं,

‘आशीर्वाद दे, माय.’

तिचा हात माझ्या तळव्यात जरासा चाळवला. मग सावकाश, खूप लांबून यावं तसा, तो पालथा झाला. आणि ओठांपर्यंत उचलायचं तेवढं त्यानं माझ्यावर सोडलं.